पहिले सिझर झाल्यावर पुढचे बाळंतपण: गर्भाशय फाटण्याचा धोका आणि गावातून करायची तयारी

पहिले मूल सिझरने झाले असेल, तर दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो का, या प्रश्नाला वैद्यकशास्त्राचे उत्तर ‘बऱ्याच जणींना येतो’ असे आहे. तो प्रयत्न कुठे करायचा हा प्रश्न मात्र त्याहून वजनाचा आहे, आणि गडचिरोलीतल्या कोरची-कुरखेड्याच्या किंवा यवतमाळमधल्या झरी-मारेगावच्या गावांत घरची मंडळी नेमका तोच प्रश्न सर्वांत शेवटी, कळा सुरू झाल्यावर विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाल्याचे आढळले. म्हणजे चारातली एक बाई ही जुनी खूण पोटावर घेऊन पुढच्या गरोदरपणाला सामोरी जाते. हा लेख तिच्यासाठी, तिच्या घरच्यांसाठी आणि तिच्या आशाताईसाठी लिहिला आहे. निर्णय तिचा आणि तिला तपासणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा असेल. तो वेळेत आणि पुरेशा माहितीनिशी व्हावा, यासाठी काय काय करायचे ते येथे क्रमाने दिले आहे.

आधी धोका नीट समजून घ्यावा

सिझरमध्ये पोटाबरोबर गर्भाशयही कापले जाते आणि शिवले जाते. ती जागा भरून येते, पण तेथे मूळच्या स्नायूऐवजी बराचसा तंतुमय व्रण तयार होतो. रफू केलेले कापड रोजच्या वापरात टिकते आणि जोराचा ताण आला तर बहुधा रफूजवळच उसवते, तसेच येथे होते. कळांच्या जोराने हा व्रण आरपार उघडला, तर त्याला गर्भाशय फाटणे म्हणतात. मग आईच्या पोटात रक्तस्राव होतो, बाळ किंवा वार गर्भाशयाबाहेर पोटात सरकू शकते आणि बाळाचा प्राणवायू तुटतो. कधीकधी व्रण नुसता विरळ होतो किंवा अर्धवट उसवतो, वरचे आवरण शाबूत राहते आणि आई-बाळाला काहीच त्रास होत नाही. ते पुढच्या सिझरच्या वेळी डॉक्टरांना दिसते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गावात ‘टाके उसवले’ या एकाच शब्दाखाली दोन्ही सांगितल्या जातात, त्यामुळे ऐकणाऱ्याने नेमके काय झाले होते ते विचारून घ्यावे.

आता आकडे. एकच सिझर झालेले आहे, गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा आहे आणि कळा आपोआप सुरू झाल्या आहेत, अशा १,००० बायकांमध्ये साधारण ५ ते ७ जणींचे गर्भाशय फाटते. कळा सुरू होण्याआधीच ठरवून दुसरे सिझर केले, तर हेच प्रमाण १०,००० मध्ये २ च्या आसपास असते. प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी सुमारे ७२ ते ७५ जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात, आणि जिचे आधी किंवा नंतर एखादे बाळंतपण खालून झालेले आहे, तिच्या बाबतीत हे यश ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते.

हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते कुठून आले हे विसरता कामा नये. ज्या रुग्णालयांत बाळाचे ठोके सतत पाहिले जातात आणि शस्त्रक्रियागृह त्याच मजल्यावर असते, तिथले हे आकडे आहेत. अशा ठिकाणीसुद्धा पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात गर्भाशय फाटले, तर १०० पैकी सुमारे ६ बाळे दगावतात. घरी किंवा वाटेत फाटले तर काय होईल, याचा हिशेब या टक्केवारीत धरलेलाच नाही.

पहिली पायरी: आधीच्या ऑपरेशनचा कागद शोधावा

सगळी चर्चा या कागदावर उभी राहते, म्हणून यावर थोडे जास्त लिहितो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. मग सिझर वर्धा किंवा यवतमाळला झालेले असते, डिस्चार्ज कार्ड माहेरच्या पेटीत राहते आणि दुसऱ्या वेळी बाई सासरी, दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या डॉक्टरपुढे मोकळ्या हाताने बसते. विचारले की पदर बाजूला करून पोटावरची खूण दाखवली जाते. त्या खुणेवरून काहीच ठरत नाही. कातडीवरचा छेद आडवा असला तरी आतला गर्भाशयावरचा छेद उभा असू शकतो, आणि उलटही असू शकते.

कार्डावर पुढील गोष्टी पाहाव्यात, किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडून वाचून घ्याव्यात. ‘एलएससीएस’ असे लिहिले असेल, तर छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात घेतलेला आहे. प्रसूतीच्या कळांत हा भाग जोराने आकुंचत नाही, त्यामुळे तेथील व्रण तुलनेने सुरक्षित राहतो. ‘क्लासिकल’ (वरच्या भागातला उभा छेद), ‘इन्व्हर्टेड टी’ (उलट्या टी अक्षरासारखा छेद) किंवा छेद वरपर्यंत वाढवावा लागल्याची नोंद असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू नये, कारण त्या व्रणाच्या फाटण्याचे प्रमाण १०० मध्ये ४ ते ९ इतके सांगितले जाते आणि तो कळा सुरू होण्याआधीही उघडू शकतो. त्यानंतर सिझर कशासाठी केले ते पाहावे. बाळ पायाळू होते किंवा ठोके कमी झाले होते, अशी त्या वेळेपुरती अडचण असेल, तर यशाची शक्यता चांगली असते. कळा असूनही गर्भाशयाचे तोंड उघडले नाही किंवा बाळ उतरले नाही म्हणून केले असेल, तर ती शक्यता कमी होते, संपत नाही. सिझर किती आठवड्यांवर झाले, बाळाचे वजन किती होते, नंतर ताप येऊन टाके पिकले होते का, याही नोंदी उपयोगाच्या आहेत. फार कमी दिवसांच्या बाळाचे सिझर असेल, तर उभ्या छेदाची शंका घ्यावी लागते, कारण त्या वेळी गर्भाशयाचा खालचा भाग पुरता तयार झालेला नसतो.

कार्ड हरवले असेल तर हात टेकू नयेत. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले, तिथल्या अभिलेख कक्षात बाईचे त्या वेळचे नाव आणि दाखल झाल्याची तारीख सांगितली, की शस्त्रक्रियेच्या नोंदी बरेचदा सापडतात. लग्नानंतरचे आणि माहेरचे अशी दोन्ही नावे सांगावीत. शोध अडतो तो बहुधा येथेच. यासाठी सातवा महिना उजाडण्याची वाट पाहू नये. कागद मिळाला की मोबाईलवर त्याचा स्वच्छ फोटो काढून नवऱ्याच्या आणि आशाताईच्या फोनवर ठेवावा, आणि माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर ‘मागील सिझर’ असे महिना व वर्षासह ठळक लिहून घ्यावे.

दुसरी पायरी: दोन बाळंतपणांतील अंतर

ही पायरी खरे तर गरोदर राहण्याआधीची आहे. सिझरपासून पुढच्या प्रसूतीपर्यंत दीड वर्षाहून कमी काळ गेला असेल, तर प्रसूतीच्या कळांत गर्भाशय फाटण्याचा धोका दुपटीच्या किंवा त्याहून अधिक घरात जातो. म्हणून सिझरनंतर निदान दीड वर्ष, शक्यतो दोन वर्षे दिवस राहू देऊ नयेत. सिझरच्याच वेळी तांबी बसवून घेता येते, किंवा सरकारी दवाखान्यात मिळणारे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेता येते. ‘पहिली मुलगी झाली, आता लवकर दुसरे होऊ द्या’ असा घरातला आग्रह या हिशेबाला सरळ छेद देतो, आणि तो आग्रह धरणाऱ्यांना कुणीतरी हे सांगितले पाहिजे. सासूबाईंना आशाताईने सांगितलेले बरेचदा सुनेने सांगितल्यापेक्षा जास्त पटते.

अंतर कमी असतानाही दिवस राहिलेच, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. तज्ज्ञाला ते पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे ठरवून सिझर करण्याचा विचार वेळेवर होतो.

तिसरी पायरी: तज्ज्ञाची भेट आणि सोनोग्राफी

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी संस्थांमध्ये गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. मागील सिझर असलेल्या बाईचे नाव अतिजोखमीच्या यादीत घालून चौथ्या-पाचव्या महिन्यातच तिला या दिवशी न्यावे.

सोनोग्राफीत वार कुठे आहे हे विचारावे. ती खाली, जुन्या व्रणावर किंवा गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रश्न मिटतो आणि वेगळाच मोठा प्रश्न उभा राहतो, कारण अशी वार व्रणात रुतून बसू शकते आणि ती काढताना प्रचंड रक्तस्राव होतो. अशा बाईने जिल्ह्याच्या ठिकाणीही न थांबता थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नाव नोंदवावे. पाचव्या महिन्यात वार खाली दिसली, तर आठव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी करावी. पुष्कळदा ती तोपर्यंत वर सरकलेली दिसते.

पूर्वी गर्भाशय एकदा फाटले असेल, फायब्रॉइडची गाठ काढताना गर्भाशय आतपर्यंत उघडले असेल किंवा बाळ आडवे असेल, तर प्रयत्न करायचा नाही. दोन सिझर झालेल्या बाईला काही मोठी रुग्णालये पूर्ण समज देऊन प्रयत्न करू देतात. ग्रामीण भागातून येणाऱ्या बाईने तो हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट आणि सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते पाहावे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे असल्याने ही तपासणी येथे सोडून चालत नाही. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आधीच ८ आहे, तिला फाटलेल्या गर्भाशयाचा रक्तस्राव सोसण्याइतकी शिल्लक उरलेली नसते. लोहाच्या गोळ्या, गरज पडल्यास शिरेतून लोह, हे सगळे आठव्या महिन्याच्या आत व्हायला हवे. रक्तगट निगेटिव्ह असेल, तर त्या गटाचे दोन रक्तदाते आधीच ठरवून त्यांचे फोन क्रमांक कार्डाच्या मागे लिहून ठेवावेत.

चौथी पायरी: बाळंतपणाची जागा ठरवावी

गर्भाशय फाटल्यानंतर बाळाकडे किती वेळ असतो? अमेरिकेतील एका अभ्यासात निदानानंतर १८ मिनिटांच्या आत काढलेली बाळे चांगली राहिली, आणि ज्यांना काढायला ३० मिनिटांहून जास्त लागली, त्यांतील काहींना कायमची इजा झाली. हे मिनिटांचे गणित आपल्या रस्त्यांवर ठेवून पाहावे. धारणीहून अमरावती घाटातून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशेच्या आसपास, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही वर्षानुवर्षांची बातमी आहे. रुग्णवाहिका दारात उभी असली, तरी हे अंतर अर्ध्या तासात कापले जात नाही.

म्हणून नियम एकच ठेवावा: मागील सिझर असलेल्या बाईने प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात किंवा घरी बाळंतपणाचा प्रयत्न करू नये. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचा विचार असेल, तर तिथे जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. रात्री दोन वाजताही सिझर होते का? भूलतज्ज्ञ आवारात राहतात की फोन केल्यावर शहरातून येतात? रक्त तिथेच मिळते की जिल्ह्याहून आणावे लागते? आजारी नवजात बाळासाठी विशेष उपचार कक्ष (एसएनसीयू) आहे का? यातल्या दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणचे उत्तर अडखळते, आणि ते अडखळले की ती जागा ठरवून केलेल्या सिझरसाठी चालेल, नैसर्गिक प्रयत्नासाठी चालणार नाही. मग नागपूरचे मेडिकल, मेयो किंवा डागा, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची वैद्यकीय महाविद्यालये, अमरावतीचे डफरीन स्त्री रुग्णालय, यांपैकी जे जवळ पडेल तिथे नाव घालावे.

नाव घातले म्हणजे काम झाले, असे नाही. ३७ आठवडे पूर्ण झाले की त्या शहरात, रुग्णालयापासून जवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवावा. प्रसूतीच्या आधी गरोदर बाईला येऊन राहता यावे, यासाठी असलेल्या आदिवासी भागातील ‘माहेरघर’ योजनेची येथे गल्लत होते. ती सोय चांगली आहे, पण ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात असते. साध्या बाळंतपणासाठी ती पुरते, सिझर झालेल्या बाईला तिथे ठेवून काही साधत नाही. ज्यांना शहरात कुणीच नाही, त्यांनी अतिजोखमीची माता म्हणून आधीच भरती करून घेण्याविषयी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून संदर्भपत्र घ्यावे. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझर, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे.

आणि हे सगळे जमणारच नसेल, सोयाबीन काढणीत घर सोडता येणार नसेल, सोबतीला माणूस नसेल, तर ३९ आठवड्यांच्या सुमारास ठरवून सिझर करून घेणे हा पूर्णपणे शहाणपणाचा निर्णय आहे. त्याची किंमतही समजून घ्यावी: दर सिझरगणिक पुढच्या गरोदरपणात वार रुतण्याचा धोका आणि पोटातील चिकटण्या (आतले अवयव एकमेकांना चिकटणे) वाढत जातात. दोन मुलांवर थांबणाऱ्या कुटुंबाला ही किंमत लहान आहे. चार मुले हवी असणाऱ्याला मोठी आहे.

जाता जाता, ‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन यांनी १९१६ मध्ये लिहिले, तेव्हा गर्भाशयावर उभे छेद घेतले जात. पहिले सिझर विनाकारण करू नका, असे ते इतर डॉक्टरांना बजावत होते. वाक्य तेवढे उरले.

पाचवी पायरी: कळा सुरू झाल्यावर

पहिली कळ आली किंवा पाणी गेले की निघावे. ‘कळा जोर धरू द्या, मग जाऊ’ हा सल्ला इतर बायकांसाठी असेल, हिच्यासाठी नाही. ज्या बाईची सिझरची तारीख आठ दिवसांनी ठरलेली आहे आणि आजच रात्री पोट दुखू लागले, तिलाही हेच लागू आहे. १०८ ला फोन करताना ‘मागचे सिझर आहे, कळा सुरू झाल्या आहेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, आणि जिथे नाव घातले आहे तिथेही फोन करावा.

निघण्याआधी गावातल्या किंवा बाजाराच्या ठिकाणच्या डॉक्टरकडून कळा वाढवण्याचे इंजेक्शन कदापि घेऊ नये. ते छोट्या काचेच्या कुपीतले औषध, ऑक्सिटोसिन, रुग्णालयात सलाईनमधून थेंबाथेंबाने, कळा मोजत दिले जाते. कमरेत किंवा दंडात एकदम टोचले की गर्भाशय आवळते ते सैल होत नाही आणि ताण नेमका व्रणावर येतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचेही तसेच आहे. सिझर झालेल्या बाईला पूर्ण दिवसांत कळा आणण्यासाठी ती देऊ नये, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. सुईणीने किंवा कुणीही पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलू नये.

रुग्णालयात शिरेत सुई घातलेली असेल, बाळाचे ठोके सतत किंवा फार थोड्या अंतराने पाहिले जातील आणि तोंड उघडण्याची नोंद आलेखावर होईल. दिवस उलटूनही कळा आल्या नाहीत, तर त्या आणाव्यात का यावर डॉक्टर वेगळी चर्चा करतील, कारण आणलेल्या कळांत फाटण्याचा धोका आपोआप आलेल्या कळांपेक्षा जास्त असतो. औषधांऐवजी गर्भाशयाच्या तोंडात घालून फुगवायची फुग्याची नळी त्यातल्या त्यात बरी मानली जाते. प्रसूती पुढे सरकत नसेल आणि डॉक्टर सिझर म्हणाले, तर ‘अजून दोन तास बघा’ असा आग्रह धरू नये. प्रयत्न थांबवण्याची तयारी ठेवूनच प्रयत्नाला बसायचे असते.

सहावी पायरी: धोक्याची चिन्हे, सोबत बसणाऱ्या बाईसाठी

बहुतेक वेळा पहिले चिन्ह बाळाच्या ठोक्यांत दिसते. फाटलेल्या दहांपैकी सुमारे सात जणींत ठोके बिघडतात, आणि म्हणूनच ते पाहण्याची सोय नसलेल्या ठिकाणी हा प्रयत्न करायचा नाही. पण सोबत बसणाऱ्या आईला किंवा जावेलाही पुष्कळ काही कळू शकते. कळ येते, चढते, उतरते आणि मधल्या वेळात पोट मऊ पडून बाई श्वास सोडते. हा नेहमीचा क्रम आहे. मधल्या वेळातही दुखणे थांबत नसेल, ओटीपोटात जुन्या टाक्यांच्या जागी हात लावू देत नसेल, तर सिस्टरला लगेच बोलवावे. जोराच्या कळा चालू असताना त्या अचानक बंद पडल्या आणि बाईला ‘बरे वाटले’, तर ती सुटका समजू नये. ते सर्वांत वाईट चिन्ह असू शकते. अंगावरून लाल रक्त जाणे, लघवीत रक्त दिसणे, खांद्याच्या टोकाला दुखणे, नाडी भरभर चालणे, घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटाचा आकार बदलणे, खाली आलेले बाळाचे डोके पुन्हा वर गेल्याचे तपासणीत कळणे, यांपैकी एकही पुरेसे आहे. सगळी एकत्र येण्याची वाट पाहू नये.

हे वाटेत घडले, तर बाईला डाव्या कुशीवर निजवावे, तोंडाने काही देऊ नये, आणि रुग्णवाहिकेतील डॉक्टरांकरवी पुढच्या रुग्णालयाला ‘गर्भाशय फाटल्याची शंका, ऑपरेशनची आणि रक्ताची तयारी ठेवा’ असे कळवायला लावावे. मधल्या प्रत्येक दवाखान्यात उतरवून नव्याने तपासत बसल्याने वेळ जातो; शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्ही जिथे मिळेल, तिथेच थांबावे.

फाटलेच तर, आणि त्यानंतर

पोट उघडून बाळ काढतात, रक्तस्राव थांबवतात आणि शक्य असल्यास गर्भाशय शिवतात. रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, तर आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपिशवी काढावी लागते, आणि संमतीच्या कागदावर हे आधीच लिहिलेले असते; तो कागद सही करण्याआधी वाचून घ्यावा, नवऱ्याने आणि बाईनेही. पिशवी शिवून वाचवली असेल, तर पुढच्या वेळी कळांची वाट पाहायचीच नाही. ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास सिझर करावे लागते. नसबंदीचा विचार असेल, तर तो याच वेळी बोलावा.

प्रसूती खालून सुखरूप झाली, तरी पहिले काही तास रक्तस्राव, नाडी आणि पोटदुखीवर लक्ष ठेवावे लागते, कारण क्वचित फाटलेली जागा बाळ बाहेर आल्यानंतर लक्षात येते. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर ‘सिझरनंतरची नैसर्गिक प्रसूती’ अशी नोंद तारखेसह करून घ्यावी, आणि पहिल्या सिझरचा जुना कागद त्याच कार्डाला टाचून एकत्र ठेवावा.